सात नंबरचा बीच

पाण्याशेजारच्या जमिनीला नावं देताना इंग्रजी भाषा जी सुटली आहे, तिला कुणी आवरलंच नाही. नदीचा काठ असेल तर बँक. समुद्राचा किंवा मोठ्या तळ्याचा असेल तर शोअर. त्यावर वाळू किंवा गोटे पसरलेले असतील तर बीच. तोच किनारा नकाशावर बोटाने दाखवायचा असेल तर कोस्ट. शहराने पाण्याकडे तोंड करून दुकानं थाटली की वॉटरफ्रंट, दगडमातीचा बांध घालून पाणी अडवलं की एम्बँकमेंट, बोट बांधायची सोय केली की जेटी, आणि सुट्टीत घरच्यांना नेऊन कंटाळायचं असेल तर सीसाइड. मराठीत आपण काठ आणि किनारा एवढ्यावर भागवतो. तीर आणि तट कवी लोकांना देऊन टाकले आहेत.

मला हे सगळे शब्द येतात. लॉंड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत मी इंग्रजीचे वर्ग घेते. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे माझे विद्यार्थी कच्चे असले तरी कडक दिसतात. बाहेर पाटी आहे: ‘इंग्रजी शब्दसंपत्ती, तज्ज्ञ मार्गदर्शन’. त्यातलं तज्ज्ञ हे मीच रंगवून घेतलं आहे.

शब्द येत असले तरी पाण्याचं आणि माझं जमत नाही. बोटीत पाय ठेवला की मला गरगरतं. ही गोष्ट आमच्या घरात जरा लाजिरवाणी आहे, कारण माझी आई एकोणतीस वर्षं खाडीवर फेरीबोट चालवते. या धक्क्यावरून त्या धक्क्याला, दिवसातून अठरा वेळा. वडील मी चार वर्षांची असतानाच गेले. तेव्हापासून सुकाणू आईच्या हातात आहे, बोटीचंही आणि घराचंही. ती घरात येते तेव्हासुद्धा दारातून आत शिरताना किंचित तिरकी होते, वारा कुठून आहे ते बघितल्यासारखी.

आमच्या बंदरात फेरीबोटी चालवणारे एकूण अकरा जण. आई त्यांतली एकटी बाई. बाकीच्या दहांमध्ये एक भोंगा म्हणून आहे. एकदा त्याच्या बोटीचा भोंगा महिनाभर बिघडला होता आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, इतका त्याचा आवाज मोठा. सगळ्या भानगडीची सुरुवात त्याच्यापासून झाली.

बंदरात नवीन नियंत्रण कक्ष झाला. काचेच्या खोलीत कानाला यंत्रं लावून बसलेली माणसं वायरलेसवर इंग्रजीत बोलू लागली. एका सकाळी त्यांनी भोंगाला सांगितलं की एम्बँकमेंटपाशी एक आजारी माणूस आहे, त्याला उचलून आण. भोंगा बोट घेऊन खाडीच्या भलत्याच टोकाला गेला, तिथे पाऊण तास थांबला, आणि गळ टाकून बसलेल्या एका धडधाकट माणसाला जबरदस्तीने दवाखान्यात घेऊन आला. खरा आजारी माणूस तोवर वैतागून पायी गेला होता.

वरून चौकशी आली. आमच्या बंदर अधिकाऱ्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणतात, कारण शिक्का मारल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नाहीत. त्यांनी फर्मान काढलं: बोट चालवणाऱ्या प्रत्येकाने पाण्याशेजारच्या जागांची इंग्रजी नावं शिकायची, परीक्षा द्यायची. वीस प्रश्न, अठरा बरोबर आले तर परवाना चालू, नाहीतर सुकाणूवरून उतरायचं आणि तिकीट खिडकीत बसायचं. शिकवायला आणि तपासायला तज्ज्ञ हवा होता. साहेबांचे कपडे खालच्या लॉंड्रीत येतात. पाटी त्यांनी वाचली होती.

परीक्षकाची आई परीक्षेला बसते आहे, हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, उत्तरपत्रिकेवर नाव नसेल, फक्त क्रमांक असेल. जणू आईचं अक्षर मला क्रमांकावरून ओळखावं लागणार होतं.

मी कामाला मात्र जोरात लागले. पुस्तकातली परदेशी चित्रं दाखवण्यापेक्षा आपल्याच बंदरातल्या वीस जागांचे फोटो काढावेत, असं मला सुचलं. दोन दिवस सकाळी अकराच्या सुमारास मी मोबाईल घेऊन काठाकाठाने हिंडले. कडेकडेने, पाण्यापासून सुरक्षित अंतर ठेवून. नदी खाडीला मिळते तिथला चिखलाचा उतार: बँक. बाजारासमोरची कठड्याची रांग: वॉटरफ्रंट. आणि सात नंबरला, जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर उभं राहून काढलेला फोटो: खाली गुळगुळीत ओली वाळू, लांबपर्यंत पसरलेली, ना कचरा ना कुत्रं. विसांतला तो एकच फोटो बघण्यासारखा आला होता. मी त्याखाली ऐटीत लिहिलं: बीच.

वीस फोटो, वीस शब्द, एक मोठा तक्ता. खाली माझं नाव, सही, आणि साहेबांचे तीन शिक्के. त्याच्या प्रती अकरा जणांना वाटल्या. एक प्रत नियंत्रण कक्षाच्या काचेवर लागली, म्हणजे वायरलेसवाले आणि बोटवाले एकच भाषा बोलतील. परीक्षेत हेच फोटो क्रम बदलून येणार होते. यापेक्षा सोपी परीक्षा मी जन्मात काढली नव्हती.

वर्गात अकराही जण माझ्या लहान बाकांवर गुडघे दुमडून बसले. बँक शब्द आला तेव्हा दहा जणांनी एकच विनोद केला. तो मी इथे सांगत नाही, तुम्हाला तो आधीच सुचला असेल. कोस्ट आणि शोअर यांत फरक काय, यावर अर्धा तास गेला. मी सांगितलं की कोस्ट हा लांबून बघणाऱ्यांचा शब्द आहे आणि शोअर पाय ओले होणाऱ्यांचा. भोंगा म्हणाला की मग आपल्याला कोस्टची गरजच नाही. मला तो मुद्दा पटला, पण तक्त्यावर शिक्का बसला होता.

सात नंबरचा फोटो लावला तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला. सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. आईने तोंड उघडलं. भोंगाने तिला कोपराने ढोसलं आणि आपल्या वहीत मोठ्या अक्षरात बीच लिहून घेतलं. वर्ग गप्प झाला की शिकवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना समजलं. मलाही तसंच वाटलं.

आई घरी विषय सोडायला तयार नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्ता पसरून मी तिची उजळणी घेत होते. ती एकीकडे वाटाणे सोलत होती. सहापर्यंत ठीक चाललं, फक्त कोस्ट आणि शोअरची अदलाबदल ती हट्टाने करत होती. सातवर आल्यावर तिने वाटाणे बाजूला ठेवले.

“इथे काही नसतं गं,” ती म्हणाली. “अर्धा दिवस असतं, अर्धा दिवस नसतं.”

“आई, तू मला इंग्रजी शिकवू नकोस.”

“इंग्रजी नाही शिकवत.”

“मग म्हण. बीच.”

ती बीच म्हणाली. मी तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. जन्मभर जिने माझे पाढे घेतले, तिची मी उजळणी घेत होते, आणि मला वाटत होतं की म्हातारपण म्हणजे हेच, साध्या गोष्टीला फाटे फोडायचे. ती अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि अजून पोतं उचलते, हे मी त्या वेळी सोयीस्करपणे विसरले.

परीक्षा बंदर कार्यालयाच्या गोदामात झाली. एका भिंतीला नारिंगी लाइफजॅकेटं टांगलेली, दुसऱ्या भिंतीला साहेबांची खुर्ची. कारकून एकेक फोटो वर धरायचा, मनात साठ मोजायचा आणि खाली ठेवायचा. ज्यांनी तुफानात बोटी आणल्या होत्या, त्या माणसांना पेन धरताना घाम फुटला होता. भोंगा पुटपुटत लिहीत होता आणि त्याचं पुटपुटणं धक्क्यापर्यंत ऐकू येत होतं, म्हणजे कॉपीची सोय सरकारी खर्चाने झाली होती. साहेब वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी खिडकीतून बाहेर पाहत होते, कारण आईकडे पाहिलं असतं तर तिला खूण केली असती.

त्याच दुपारी मी वर्गात बसून तपासले. दहा पेपर भराभर झाले. बरेचसे सगळे बरोबर, काठावर पास झालेला एकच, तो म्हणजे भोंगा, त्याचं मोठं अक्षर क्रमांकामागे लपत नव्हतं, बरोबर अठरा. अकरावा पेपर हातात घेतला आणि अक्षर ओळखीचं निघालं. किराण्याच्या यादीतलं, शाळेतल्या माझ्या वह्यांच्या कव्हरांवरचं. कोस्टच्या जागी शोअर, शोअरच्या जागी कोस्ट. दोन चुका, ठीक, अठरा अजून शक्य होते. मग सात नंबरचा फोटो. तिथे इंग्रजी शब्द नव्हताच. तिने मराठीत लिहिलं होतं: ‘इथे कुणाला उतरवू नये.’

माझं डोकंच फिरलं. मी उत्तर विचारलं होतं, सल्ला नव्हता. दहा वेळा म्हणवून घेतलेला शब्द, तोही पाच वर्षांच्या पोराला येईल असा, आणि ही बाई तिथे सूचना फलक लिहून आली होती. मी लाल पेनने फुली मारली. फुली मारून समाधान झालं नाही म्हणून समासात ‘अभ्यास कमी’ असंही लिहिलं. बेरीज सतरा.

अर्धा तास मी ती सतरा बघत बसले. एका रेघेचा प्रश्न होता. एक फुली वळवून बरोबरची खूण केली की अठरा होत होते, आणि कोण बघणार होतं? पण वर्गात मी कॉपी करणाऱ्यांना दाराबाहेर उभं करते. घरच्या माणसासाठी हात वळला असता तर पाटीवरचं तज्ज्ञ खरवडून काढावं लागलं असतं. मी स्वतःला फार प्रामाणिक समजत घरी गेले.

आईने निकाल ऐकला आणि “बरं” म्हणाली. मला तिने भांडायला हवं होतं. मीच भांडले. म्हटलं, तुला शब्द येत होता, मुद्दाम लिहिला नाहीस, आता बस खिडकीत. ती म्हणाली की खिडकीत बसून गुडघ्यांना आराम पडेल. तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

सोमवारपासून ती तिकीट खिडकीत गेली. दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी ती डबा विसरली म्हणून मला जावं लागलं. खिडकीला काळी काच आहे आणि खाली हात घालण्यापुरतं अर्धगोल भोक. त्या भोकातून मला फक्त आईचे हात दिसत होते. दोरांनी सोललेले, अंगठ्याशी जुना व्रण असलेले हात, आणि ते गुलाबी तिकिटं फाडत होते. प्रत्येक माणसाला ती सांगत होती की आज डावीकडे बसा, उजवीकडे पाणी उडेल. लोक न ऐकता पुढे जात होते. मी डबा भोकातून आत सरकवला. तिने तो घेतला आणि मला ओळखलं नाही. डब्यामागचा हात कुणाचा आहे, ते बघायला तिला मान वाकवावी लागली असती, आणि मागे रांग होती.

मला लाज वाटली. एवढी लाज मला लग्न मोडलं तेव्हाही वाटली नव्हती. मी रस्ता सोडून बर्फाच्या कारखान्याकडे चालत गेले, कारण तिकडे कुणी नसतं आणि मला रडायचं होतं. भिंतीवर हात ठेवून मी खाली पाहिलं. दुपारचे पावणेदोन झाले होते.

वाळू नव्हती. भिंतीच्या दगडांना पाणी लागलं होतं, हिरवं, जाड. मी रडणं विसरले. जागा चुकली की काय म्हणून मोबाईल काढून फोटो पाहिला. तीच भिंत, तीच गंजलेली शिडी. आणि तेवढ्यात भोंगाची बोट आली. चाळीस माणसं, दोन सायकली आणि एक कपाट घेऊन ती माझ्या बीचवरून सरळ निघून गेली. भोंगाने मला पाहून हातसुद्धा केला.

वर्गात जाऊन मी मोठा शब्दकोश उघडला. इंग्रजांवर मी उगाच चिडत होते, त्यांनी या जागेचीही सोय करून ठेवली होती: फोअरशोअर. भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्यामधली जमीन. जी कधी असते आणि कधी नसते. हा शब्द मी आयुष्यात कधी वापरला नव्हता. थोडक्यात, आईचं उत्तर चुकलं होतं, दहा जणांचं चुकलं होतं, आणि सगळ्यांत आधी माझं.

मी तशीच शिक्केसाहेबांकडे गेले आणि सांगितलं की सात नंबरचं उत्तर चुकीचं आहे, चूक माझी आहे. साहेब म्हणाले की उत्तर चुकीचं असू शकत नाही, त्यावर शिक्का आहे. मी म्हटलं, शिक्क्यावरून बोट गेली. ते म्हणाले की दहा अनुभवी चालकांनी तिथे बीच असल्याचं स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे आणि एका बाईने नाही, मग कार्यालयाने कुणाचं धरायचं? शिवाय ती बाई माझी आई. शिवाय माझंच उत्तर चुकलं असेल तर मी तज्ज्ञ कसली, आणि यापुढे बंदराचं काम मला मिळणार नाही, हे मला कळतं आहे ना? मी म्हटलं, कळतं आहे. हे म्हणताना मला वाटलं होतं तेवढं काही दुखलं नाही.

साहेबांनी भोंगाला बोलावलं. सात नंबरला बीच आहे की नाही, एका शब्दात सांग, म्हणाले. भोंगा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला.

“साहेब, कागदावरचं विचारताय की पाण्यावरचं?”

साहेब चिडले. म्हणाले, मला तिथे घेऊन चल, मी स्वतः उतरून बघतो. भोंगा माझ्याकडे बघू लागला, मी जमिनीकडे. शेवटी आम्ही धक्क्यावर आलो. भोंगाने तिकीट खिडकीपाशी जाऊन काचेवर टकटक केलं आणि आईला म्हणाला, “बाहेर ये, तुझी लेक साहेबाला बुडवते आहे.” आईने खिडकी लावली, रांगेतल्या लोकांना पाच मिनिटं सांगितली आणि बोटीत आली. ती आज प्रवासी होती, म्हणून तिने स्वतःचं तिकीटही फाडून आणलं होतं.

मी पण चढले. मला लगेच गरगरलं, पण त्याची दखल घ्यायला कुणी मोकळं नव्हतं. भोंगाने बोट कारखान्यासमोर आणली आणि इंजिन बंद केलं. आजूबाजूला नुसतं पाणी. साहेबांनी तक्ता काढला, भिंत पाहिली, शिडी पाहिली, तक्ता पाहिला. “म्हणजे इथेच,” ते म्हणाले. मग त्यांनी खरोखरच बूट काढले, मोजे बुटांत खोचले आणि पँट दोन घड्या वर केली. तक्त्यावर त्यांचा इतका विश्वास होता की मला त्यांची दया आली. भोंगा बघत राहिला. साहेबांचा हुकूम मोडायचा नसतो आणि साहेबांना बुडवायचंही नसतं, यात तो अडकून पडला होता.

“साहेब, थांबा,” आई म्हणाली.

तिने कडेचा खुणांचा बांबू उचलला आणि साहेबांच्या पायापाशी पाण्यात सोडला. लाल पट्टा गेला, पांढरा गेला, पुन्हा लाल गेला. बांबू पुरुषभराहून जास्त आत गेला तेव्हा कुठे तो तळाला टेकला. साहेबांनी पाय आत घेतला.

आईने मग त्यांना समजावून सांगितलं, जसं नव्या प्रवाशाला सांगते तसं. ओहोटीला इथे वाळू उघडी पडते, माणूस उतरला तर छान चालू शकतो. भरतीचं पाणी मात्र समोरून येत नाही. भिंतीच्या पायथ्याशी चर आहे, तो आधी भरतो. माणूस समुद्राकडे बघत उभा राहतो आणि पाणी मागून त्याची वाट तोडतं. मी भिंतीवरून बीच लिहिला होता, तेव्हा तो चर माझ्या पायाखाली होता.

साहेब बराच वेळ मोजे घालत राहिले. मग त्यांनी मला विचारलं की याला बरोबर इंग्रजी शब्द कोणता. मी सांगितला. त्यांनी आईला विचारलं की हा शब्द तुम्हाला माहीत होता का. आईने मला त्याचा अर्थ विचारला. भरती आणि ओहोटीच्या मधली जमीन, मी म्हटलं.

“मग मी तेच लिहिलं होतं की,” आई म्हणाली.

साहेबांनी तिथेच निकाल दिला, कारण बोटीत शिक्का नव्हता आणि त्यांना तो प्रसंग लवकर संपवायचा होता. प्रश्न रद्द. ज्यांचं उत्तर चुकलं त्यांनाही त्याचा गुण. म्हणजे दहा जणांना काही धक्का नाही, आणि आईचे अठरा. तक्ता आजच्या आज उतरवायचा, नवा दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचा. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. भोंगा सुकाणूवरून बाजूला झाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आईने चाक हातात घेतलं आणि इंजिन चालू केलं. मी तिच्या शेजारी कठडा धरून उभी राहिले, कारण बसलं की जास्त गरगरतं. साहेब मागे जाऊन बसले होते. मी हळूच विचारलं, तुला शब्द येत होता, सतरावर अडकशील हे कळत होतं, मग का नाही लिहिलास? बाकीच्या दहांनी लिहिला, त्यांना काय ती जागा माहीत नव्हती?

ती पुढे पाण्याकडे बघत होती.

“तू ऐकून घेत नव्हतीस,” ती म्हणाली. “आणि तक्ता काचेवर लागला होता. उद्या कुणी नवा पोरगा बोट चालवायला येईल, वायरलेसवरून त्याला सांगतील बीचवर माणसं उतरव, आणि तो उतरवेल. दहांनी हो म्हटलं होतं. एकाने तरी नाही म्हटलेलं कागदावर राहायला हवं होतं.”

“परवाना गेला असता तुझा. गेलाच होता.”

“गेला असता. पण तक्त्याखाली नाव तुझं आहे. माणूस बुडालं असतं तर ते तुझ्या नावावर बुडालं असतं.”

तिने बोट वळवली, आणि वळताना मला सांगितलं की डावीकडे सरक, उजवीकडे पाणी उडेल. मी सरकले.